नवरी म्हणजे बंदूक

जबाब देणाराचे नाव मुहन्नद मिलाद बिन तालिब, वय बावीस, धंदा लेथवरचे काम, शिक्षण इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष अर्धवट, राहणार बंदरामागची वस्ती, मिसराता, लिबिया.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी हाज अशूर यांच्या वर्कशॉपात कामाला आहे. लढाईनंतर लोकांच्या घरी लांब नळीच्या बेल्जियन लष्करी रायफली राहिल्या. त्या गाडीत सीटजवळ मावत नाहीत, म्हणून लोक आमच्याकडून आखूड करून घेतात. काम झालेली रायफल तेल लावून पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवतो. मालक नेईपर्यंत तिला वर्कशॉपात सगळे नवरी म्हणतात. हा शब्द मी काढलेला नाही.

फरहात याने बहिणीच्या लग्नात बार उडवायला आपली रायफल अशीच आखूड करायला दिली होती. आज लग्न. सकाळी मी ती मागच्या वाळूत चालवून पाहिली. घोडा एकदा दाबला की तीन गोळ्या सुटत आणि नळी झटक्याने डावीकडे जाई. फरहातच्या अंगणात डावीकडे गच्ची आहे आणि बायका तिथे उभ्या राहतात. म्हणून मी रायफल दिली नाही. गच्ची मला कशी ठाऊक, असे विचारल्यावरून सांगतो की, बायका सगळ्यांकडेच गच्चीवर असतात.

फरहात म्हणाला, "बहीण माझी, बंदूक माझी. मधे तू कोण लागून गेलास?"

मी म्हणालो, "लांबून बोल, थुंकी उडते."

हाज म्हणाले, "अरे, लग्नघर आहे त्याचं. जीभ आवर जरा."

मी कॉफी प्यायला निघून गेलो. तिथे फरहातचा फोन आला. माझे डोके फिरले होते. मी ओरडून म्हणालो, "नवरी माझ्याकडे आहे, माझ्याकडेच राहणार! दम असेल तर ये आणि घेऊन जा!" शेजारच्या टेबलावर नवऱ्या मुलाचे काका बसले होते. ते कप ठेवून उठले. नंतर कळले की, खुलासा झाल्याशिवाय नवरीला न्यायला गाड्या निघणार नाहीत, असे त्यांनी कळवले.

फरहात मला शोधत आला. त्याने हात उचलला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला कळलं तू कशाबद्दल बोललास. त्यांना कळायला पाहिजे. चल भावा, लिहून दे." म्हणून पोलीस चौकीत आलो.

साहेब म्हणाले, "बंदुकीचं पुरे रे बाबा. मुलीचं बोल."

फरहातच्या बहिणीला मी ओळखत नाही. ती माझ्याच कॉलेजात होती, हे मला आत्ता इथे कळले. कॉलेज मी घरच्या अडचणीमुळे सोडले. माझा फोन तपासला, त्यात काही मिळाले नाही. तो मी सकाळीच साफ केला होता, अधूनमधून करतो. मी अडवून ठेवली ती बंदूकच. या लग्नाला माझी हरकत नाही. गाड्या उजेडात निघाव्यात, समुद्राकडचा रस्ता उखडला आहे.

जबाब मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. खरा आहे असे खाली लिहायला माझी ना नाही.