खांद्यावरचा हात

डिचोलीच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. दोघींचे मुलगे पोलिसांच्या नव्या कमांडो पथकात शिकत होते.

“कमलाक्षी, गौरेश घरी आलेला मगे?”

“आयतारी आलेला. म्हणाला, आई, भिऊ नको. दार फोडून आत शिरतात तेव्हा मी रांगेत सगळ्यांत शेवटी असतो.”

“नशीब तुझे! आमचा तुळशीदास मधला, पावातल्या भाजीसारखा. रांगेत बोलायचे नाही. मागच्याने खांद्यावर हात मारला की पुढच्याने आत धावायचे.”

“खांद्यावर?”

“होय. का गो?”

“जेवायला उठवताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. झोपेतच उठून दाराकडे धावला.”

“झोपेत माणूस कसाही धावतो गो.”

“पण शेवटच्याच्या मागे कोण असतो?”