मानेला दिलेला झटका

आदरणीय अध्यक्ष, आपल्या मुख्याध्यापिका सौदामिनी मॅडम, लातूरहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर सिद्धेश्वर साहेब, सत्कारमूर्ती सुगत सर, मनिषावहिनी आणि शिक्षक बंधू-भगिनींनो,

गणिताच्या एका शिक्षकाला आज आपण अडतिसाव्या वर्षी, आजारपणामुळे घ्याव्या लागलेल्या निवृत्तीचा निरोप देतोय. हे काय निरोपाचं वय आहे? शाल मी निवडली, हार मी आणला, बोलण्याचा मानही हट्टानं मागून घेतला. का, ते सांगतो.

माझा विषय चित्रकला, पण अहमदपुरात माझी ख्याती वेगळीच. पेपर तपासून कुणाची मान धरली, की स्टाफरूममध्ये खुर्ची माझ्यापुढे सरकायची. एक हात हनुवटीला, एक डोक्याला, झटका दिला की कडकन आवाज. इथले निम्मे तरी माझे गिऱ्हाईक आहेत, आता खाली बघू नका.

दोन वर्षांपूर्वी सहामाहीच्या वेळी सुगत सर म्हणाले, "मान लई धरून राहिली सर, बघा जरा." मी बघितलं. "हाव, मोकळं वाटलं," म्हणाले. तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना त्यांच्या हातातून खडू पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. जीपनं लातूरला मीच नेलं.

डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलं होतं, "एवढ्या तरुणपणी लकवा? मानेला मार, मालिश, झटका, असं काही?" सरांना बोलता येत नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, कारण शाळेतलं मलाच ठाऊक. मी म्हणालो, "न्हाई."

मेंदूकडे जाणारी मानेतली रक्तवाहिनी आतून चिरली होती, तिथली गुठळी पुढे सरकली, हे दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत कळलं. असं कधीकधी कारणाशिवायही होतं, असं तुम्ही म्हणालात. त्या 'कधीकधी'वर मी दोन वर्षं काढली. सरांना रोज व्यायामाला नेलं. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सुगत सर, डाव्या हातानं मला 'बसा' म्हणून खुणावताय. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. असणारच, मान तुमचीच होती.

डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आज बदलतो. झटका दिला होता, मी दिला होता. यापुढे कुणी माझ्यापुढे खुर्ची सरकवू नये.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या 'न्हाई'ची माफी मात्र माइकवरून मागत नाही. मनिषावहिनी, त्यासाठी उद्या सकाळी तुमच्या घरी येतो. दार उघडायचं का नाही, ते तुम्ही ठरवा.