प्र. पादचारी पूल

हॅलो? ... हॅलो, कोण? ... अगं मावशी, तू होय! नाव बघितलंच नाही गं मी. रस्त्यावर उभा आहे, डोक्यावर ऊन, स्क्रीनवर काही म्हणता काही दिसत नाही... बोल, बोल.

जेवलो कुठला! कामावरच आहे अजून. मोजतोय... अगं गाड्या मोजतोय, गाड्या! हायवेच्या कडेला उभं राहायचं आणि गाडी गेली की बटण दाबायचं... हो, ह्याचाच पगार देतात. हस, हस. एवढं शिकून बटण दाबतोय भाचा.

काय म्हणालीस? ... थांब, ट्रक गेला... अरे ए जोडीदार, माझ्या बाजूचे ट्रक तू धर रे थोडा वेळ. मावशी आहे फोनवर... हं, बोल आता.

कुठे आहेस? ... कुठे?

बुकिंग ऑफिसात... कुठल्या? ... त्या नव्या टॉवरच्या? हायवेलगतच्या? ... आणि आत्ता बसलीयेस तिथं? आत्ता, ह्या क्षणाला?

नाही, नाही... आनंद झाला ना. आनंदच झाला. आवाज असाच आहे माझा, घशात धूळ गेलीय.

जिने कशी उतरलीस पण, त्या दुखऱ्या पायानं? ... शेजारच्या काकूंचा हात धरून. तिन्ही मजले! अगं, मला एक फोन करायचास, मी आलो असतो... सरप्राइज. मला सरप्राइज द्यायचं होतं. हं... दिलंस खरं.

नंबर कितवा आहे तुझा? म्हणजे पुढे किती जण आहेत? ... बरं. ... नाही, सहज. सहज विचारलं.

हो, लिफ्ट आहे. दोन-दोन आहेत. ... हो, माहितीये मला, मी त्या प्रकल्पाचं सगळं पाहिलंय ना. ... अगं ऐक ना... हो. हो. ... शिवणक्लास? पुन्हा सुरू करणार तू? ... त्याच जुन्या खोलीत? ... वा. ... नाही, वा म्हटलं मी. ... आणि जाणार कशी? ...

बसनं. एकटी.

काय सांगितलंस तू तिथं? ... 'माझ्या भाच्यानं स्वतः मोजलंय'. कुणाला सांगितलंस? बुकिंगवाल्या मॅडमना? ... सगळ्यांना? ... शेजारी बसलेल्या आजोबांना पण. आणि ते काय म्हणाले? ... 'मग काय प्रश्नच मिटला.' असं म्हणाले. ...

मावशी. मावशी, ऐक ना. आज सही नको करूस तू.

असंच. कारण काही नाही, असंच. घर काय भाजी आहे का, दिसली की पिशवीत टाकायला? ... नकाशा तीनदा बघितलास. बरं. पण दुपारचं ऊन बघितलंस का? पश्चिमेच्या खिडक्या म्हणजे... पूर्वेला आहेत. बरं. ... धूळ! हायवेची धूळ केवढी येते घरात, आणि तुला दमा... नाहीये. हो, माहितीये तुला दमा नाहीये. होऊ शकतो, एवढंच म्हणतोय.

अगं, चिडू नकोस ना! मी कशाला आडवा येऊ? मला काय मिळणार आहे आडवं येऊन? ...

हो. ... माहितीये. ... दोन वर्षं खाली उतरली नाहीस. हो गं. खिडकीतून टोपली सोडायची, भाजीवाला देईल ते घ्यायचं. ... सणासुदीचं सोड, साधं चप्पल घालून खाली... हो. चपला कडक झाल्यात पडून पडून. सांगितलं होतंस तू. ... मावशी, मला सगळं माहितीये. म्हणून तर...

एक मिनिट, मधेच साहेबांचा फोन येतोय... नाही उचलत. राहू दे.

बरं, एक काम कर. ते माहितीपत्रक आहे का हातात? ... तेच, गुळगुळीत, वर झाडंबिडं काढलेली. मागचं पान उघड. ... चष्मा पर्समध्ये असेल. ... नाही? मग डोक्यावर बघ. ... हं. खालून दुसरी ओळ वाच.

'प्रशस्त पादचारी पुलावरून बसथांबा अवघ्या पाच मिनिटांवर.' ... हो. ते आमच्याच अहवालावरून घेतलंय. म्हणजे माझ्या. मीच लिहिला तो.

मावशी, तो पूल नाहीये.

पूल. नाहीये. ... नाही, दुरुस्तीला काढलेला नाही. मुळात नाहीच. ... अगं, चित्रात आहे, चित्रात कारंजंपण आहे! मी आत्ता तिथंच उभा आहे, त्याच जागेवर. माझ्या डोक्यावर काही नाही. आकाश आहे नुसतं.

तुला कसा दिसणार? आज तुला गाडीतून नेलं त्यांनी. गेटातून आत, गेटातून बाहेर, मधे सरबत. रस्त्याकडे बघू कोण देतंय?

नाही, तसं नाही... खोटं असं नाही लिहिलं मी. ऐक तरी. आमच्या कामात तक्ते असतात. नवीन घरं झाली तर तिथल्या माणसांना बस कुठे मिळणार, दवाखाना किती लांब, वयस्कर माणसाला पायी जमेल का, असं सगळं रकान्या-रकान्यात भरायचं. तर एका रकान्यात लिहायचं होतं 'प्रस्तावित पादचारी पूल'. प्रस्तावित. म्हणजे झाला तर होईल असा. पण रकाना एवढासा! शब्द मावेना, ओळ खाली उतरली, सगळा तक्ता घसरून पुढच्या पानावर गेला. मग मी 'प्रस्तावित'चं 'प्र.' केलं. प्र आणि टिंब. प्र. पादचारी पूल. ... बस, एवढंच.

हो, आणि जाहिरात लिहिणाऱ्यांनी त्याचं 'प्रशस्त' केलं.

हसतेयस? ... नको गं हसूस. आम्हीपण हसलो होतो. तेच तर सांगतोय...

अगं, महिना झाला ते पत्रक ऑफिसात येऊन. चहाच्या वेळी मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रशस्त! हसून हसून ठसका लागला एकेकाला. मग दिवसभर तेच, प्रशस्त चहा आण, प्रशस्त बिस्किट दे, साहेबांना प्रशस्त टक्कल पडलंय... आणि मग कप ठेवले आणि लागलो कामाला.

नाही. ... नाही कळवलं कुणाला.

साहेबांना माहितीये. ते म्हणाले, आपल्या कागदात 'प्र.' आहे, आपण कुठे चुकलो? लोकांनी काय वाचावं ते आपल्या हातात आहे का? ... मी? मी हो म्हणालो. मान हलवली नुसती. म्हणजे हो-च ना ते.

आहे ना लाज. लाज नाही तर काय... रात्री पडल्यावर ते टिंब दिसतं मला. एवढंसं टिंब. पण सकाळी उठून ऑफिसला गेलो की पुन्हा सगळं हसण्यावारी. खरं सांगतो, हसण्यावारी नेलं की बरं वाटतं गं.

कोणी प्रस्तावित केलाय म्हणजे? ... नाही, नगरपालिकेनं नाही. ... सरकारनंपण नाही. ... अगं, मी. मीच. अहवालाच्या शेवटी मीच सुचवलं, इथं पूल व्हावा. आणि मग मागे येऊन तक्त्यात तोच पूल धरून चाललो. ... हो, मीच सुचवायचा आणि मीच त्यावरून चालायचं.

न धरता? न धरता प्रकल्पाला गुणच मिळत नाहीत. नापास. मग परवानगी अडकते, मग बिल्डर साहेबांना धरतो, साहेब मला... हो. कळतंय मला, हे तुला सांगून काय उपयोग.

नाही ओलांडता येत. मधे दुभाजक आहे, त्यावर जाळी, तुझ्याहून उंच. जायचं पार पुढच्या चौकात, तिथून वळायचं, आणि तेवढंच परत यायचं पलीकडच्या अंगानं. फूटपाथ नाही, सावली नाही. मला अर्धा तास लागला, मावशी. मला! तुझ्या त्या पायानं...

हो. चालून बघितलं होतं. ... आधीच. लिहायच्या आधी. ... हो, माप बरोबर घेतलं होतं. लिहिताना...

मावशी? ... अगं, शिव्या दे मला.

हं. ... नको ना अशा आवाजात बोलूस. ओरड हवं तर माझ्यावर.

हे बघ, तू फक्त सही करू नकोस. बाकी माझ्यावर सोड. दुसरं घर शोधतो, लिफ्टवालं, थांब्याजवळचं. स्वतः चालून बघेन. तुझ्या वेगानं चालेन, काठी घेऊन चालेन हवं तर... शप्पत.

काय? ... पुन्हा बोल, ट्रक होता. ... तुझ्याऐवजी तिथं दुसरी कुणी बाई बसली असती तर...

...

तर सांगितलं असतं का मी?

...

नाही. नसतं सांगितलं.

रडतोय कुठे? धूळ आहे. ... हो, रडतोय. बरं.

मावशी, तू निघ आता तिथून. बाहेर येऊन थांब, मी टॅक्सी करून येतो, इथून जवळच आहे. ... शेजारी कोण? ... हो, ते आजोबा, सांगितलंस मघाशी. ... आणि ती, मांडीवर बाळ असलेली. ... अगं, त्यांचं ते बघतील ना! लहान आहेत का ते? ... तसं नाही म्हणायचं मला. ... तसंच म्हणालो. हो. चुकलं.

पण नोकरी आहे गं माझी! ... हो, नोकरीच. दुसरं काय! तुला वाटतं मला कळत नाही? पण घरी काय सांगू जाऊन? 'टिंबापायी नोकरी गेली'? ... हा बघ, पुन्हा साहेबांचा फोन येतोय.

मग तू सांग त्यांना. तू सांग आणि निघ. माझं नाव नको घेऊस, एवढंच... हो. आधीच घेतलंयस. सगळ्यांसमोर. ... आणि तू सांगून पटणारपण नाही त्यांना. ती मॅडम म्हणेल आजींचा काहीतरी गैरसमज झालाय, आणि पाणी आणून देईल. ... मग? ... मी? मी कसा सांगणार? मी तर इथं आहे.

कुठलं बटण? ... डावीकडचं कशाला दाबतेस? ... मावशी, ते स्पीकरचं आहे. नको. ... नको ना, मावशी, ऐक माझं, मी लेखी देतो सगळं, उद्या येऊन भेटतो त्यांना, एकेकाला भेटतो...

हॅलो?

...

हो. ... हो, नमस्कार. ... येतोय का आवाज? ... बरं. जोरात बोलतो.

मी ह्यांचा भाचा. ... हो, तो मोजणारा. तुमच्याकडे ते पत्रक असेल सगळ्यांकडे. त्यात मागच्या पानावर एक पूल लिहिलाय. ... हो आजोबा, तोच. तो पूल नाहीये.

नाही, कामही सुरू नाही. ... कधी होणार, मला माहीत नाही. मागितलाच नाहीये अजून कुणी. फक्त मी लिहिलाय. ... हो, मी. चूक माझी आहे. बिल्डरची पण आहे, पण आधी माझी. मला महिन्यापूर्वी कळलं होतं तुम्ही काय वाचताय ते, आणि मी गप्प बसलो.

थांबा आहे, थांबा खरा आहे. मी रस्त्याच्या ह्या बाजूला उभा आहे, तुमचं गेट आहे तिथं. थांबा समोर दिसतोय मला. आत्ता बस लागलीय. माणसं चढतायत, एकाच्या हातातली निळी पिशवीसुद्धा दिसतेय. पण मला तिथं जाता येत नाहीये. ... कुणालाच नाही येणार.

मॅडम, एक मिनिट... मॅडम, मी कोण ते सांगितलं ना मी. आवाज बंद नका करू, तो फोन माझ्या मावशीचा आहे. ... बोलू द्या त्यांना. ... ताई, तुम्ही काहीतरी विचारत होतात ना? बाळ रडतंय, मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारा.

शाळा?

...

शाळापण पलीकडेच आहे, ताई. दहा मिनिटं लिहिलंय ना, ते त्याच पुलावरून... हो, मीच लिहिलं... नाही, मॅडम, ठेवू नका, माझं झालेलं नाहीये, अजून दवाखान्याचं राहिलंय सांगायचं... हॅलो? ... मॅडम? ... हॅलो?