पलीकडे राहिलेला ट्रक

दोन देशांची बोलणी एकदाची मार्गी लागली आणि चार महिने बंद असलेलं सीमेवरचं फाटक आज मालासाठी, माणसांसाठी उघडणार होतं. माहेर पलीकडे असलेल्या शिक्षिकेच्या मागे रांगेत एक ट्रक ड्रायव्हर आणि त्याची बायको उभी होती. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडतच होतं.

"अहो, घोटभर पाणी तरी प्या."

"नको. पलीकडे आपल्या गाडीची बॅटरी बसली असेल गं. टायरही गेले असतील."

"निदान किल्ली तरी काढून आणायचीत."

"माल उतरवताना हमाल गाडी मागेपुढे घेतात. किल्ली आतच ठेवायची असते. मी कागदांवर शिक्का घ्यायला अलीकडे आलो आणि फाटक लागलं."

"तुमच्या पलीकडच्या दोस्ताचंही तसंच ना? त्याची गाडी आपल्या बाजूला."

"हो ना."

"म्हणून दर रविवारी ती चालू करून यायचात. घरची स्कूटर गंजली, तिला नाही कधी हात लावलात."

"त्याचं पोट आहे त्या गाडीवर. बंद पडली असती तर कोणत्या तोंडानं भेटलो असतो त्याला?"

फाटक करकरलं. पलीकडून लांबलचक हॉर्न वाजला.

"थांब. हा भसाडा आवाज आपल्याच गाडीचा."

"बसलेल्या बॅटरीवर एवढा हॉर्न वाजतो होय?"

ड्रायव्हर टाचा उंचावून फाटकापलीकडे पाहू लागला. शिक्षिका बाजूला सरली.

"तुम्ही व्हा पुढे, भाऊ."

"होतो, ताई." तो बायकोकडे वळला. "दे गं ते पाणी."