एक पाऊल मागे

मिलानच्या नाट्यगृहाबाहेर म्हातारे गायक ताव्हात्सी बसले होते. आत त्यांच्या शिष्येची परीक्षा चालली होती. शेजारी दोन गवई त्यांना न ओळखता बोलत होते.

"ताव्हात्सींचे शिष्य लगेच ओळखू येतात. वरचा सूर आला की एक पाऊल मागे!"

"ते का रे?"

"मास्तरांची हयात जुन्या, बिनमाइकच्या रेकॉर्डिंगच्या भोंग्यापुढे गाण्यात गेली. जवळून जोरात गायलं की तबकडीवरची सुई उडायची, म्हणून मागे सरायचे. तीच खोड पोरांना लावली."

"पण आता भोंगा कुठाय?"

"नाहीच ना! समोर माणसं असतात. त्यांना वाटतं, पोरगी घाबरली."

"अरेरे! मास्तरांना कुणी सांगितलं नाही?"

"एवढ्या मोठ्या माणसाला कोण सांगणार?"

आतून शिष्येचा सूर वर चढला. ताव्हात्सींनी डोळे घट्ट मिटले.

लाकडी रंगमंचावर टाच वाजली.

"ऐकलंस? ही त्यांचीच."