मुशीत जाणारं नाव

उद्यमनगरातल्या फाउंड्रीत रांगेत थांबलेल्या आकारामच्या पुढं एक तरुण बाई होती. तिच्या घरची चाकांची फळी, वर उभं राहिलं की, मोठ्या पतंगाच्या ओढीनं माळावर पळायची. त्या फळीखालचा, चाकं धरणारा धातूचा मोडका आस, ज्याला ती 'ट्रक' म्हणायची, तिनं नागाप्पा मिस्त्रींपुढं ठेवला.

"वेल्डिंग करून द्या."

"धरणार न्हाई, ताई. वाटंत मोडंल नि पडशीला. कोण उभं ऱ्हातंय ह्यावर?"

"बाबा राहायचे. आता मी."

"मग तुकडं जुळवून साचा घेतो, नवा ओततो. ह्यो जुना वितळवायच्या मुशीत घालतो."

"त्यावर त्यांनी खिळ्यानं माझं नाव कोरलंय."

"मग घरी न्या. कपाटात ऱ्हाईल."

"बाबा गेल्यापासून फळी पण वर्षभर तशीच भिंतीला उभी आहे, मिस्त्री."

नागाप्पांनी तुकडा उचलून त्यावरचं नाव अंगठ्यानं पुसलं.

"मुशीत घाला. मी बघत थांबते."

"येळ लागंल. मागं माणसं हायत."

"आमची घाई न्हाई," आकाराम म्हणाला.