आजोबांचा ‘एस्क्वायर’

हसू नका, मला अजून या गोष्टीची लाज वाटते. मला नोकरी लागली तेव्हा आजोबांनी अभिनंदनाचं पत्र दिलं. पाकिटावर माझं नाव आणि त्यापुढं ‘एस्क्वायर’. मैत्रिणींसमोरच मी खेकसले, “आजोबा, हा जुना मानाचा शब्द फक्त पुरुषांना लावतात. एवढं तरी बघायचं की!” आणि पेनानं तो खोडूनच टाकला.

आजोबा म्हणाले, “ठाऊक हाय की. तीस वर्षं हपिसात साहेबांच्या पाकिटांवर मीच लिवायचो. माझ्या नावापुढं कुणी लिवला न्हाय. म्हटलं, घरात एकीला तरी लागू दे.”

मी पेन त्यांच्यापुढं धरलं. “परत लिहा ना, आजोबा.”

“ऱ्हाऊ दे पोरी. चारचौघींत चूकच दिसतीया ती.”